गढीतलं मुकं पाणी

वोर्शाला गप्प करील असा माणूस दुब्रावा गावात अजून जन्माला यायचा होता. नवरा जिवंत असताना तो नुसता ‘हं’ म्हणायचा. पाद्रीबाबा घरी आले की तेही ‘हं’ म्हणायचे, आणि गोठ्यातली गाय म्हणे तिचा आवाज ऐकूनच पान्हा सोडायची. म्हणून ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी तिनं थोरल्या बहिणीच्या खोलीत जाऊन ‘उद्या मुकं पाणी मी आणणार’ असं जाहीर केलं, तेव्हा मादलेनाला हसू आवरेना. खुब्याचं हाड मोडून ती हिवाळाभर अंथरुणात होती, हसलं की कळ थेट मस्तकात जायची. तिनं उशीचं टोक दातात धरलं.

“तू? आणि मुकं?”

“हसायला काय झालं? मला काय गप्प बसता येत नाही?”

“येतं की. झोपल्यावर.”

मुकं पाणी म्हणजे ईस्टरच्या रविवारी, सूर्य वर यायच्या आत, वाहत्या झऱ्यावरून भरून आणलेलं पाणी. घराचा उंबरा ओलांडल्यापासून ते पाणी ज्याच्यासाठी आणलं त्याच्या अंगाला लागेपर्यंत आणणारीनं एक शब्द काढायचा नाही, मागं वळून बघायचं नाही. तसं आणलं तर ते वर्षभर नासत नाही, आणि आजाऱ्याला उभं करतं. वाटेत शब्द गेला की त्याचं झालं बडबडं पाणी, मग ते अंगणात शिंपडायच्याच लायकीचं. पूर्वी गावातल्या सगळ्या पोरी जायच्या आणि पोरं झाडाआड लपून त्यांना बोलतं करायला टपलेली असायची. मादलेनानं पाणी कधी वाया घालवलं नाही. वोर्शाचं कधी घरापर्यंत पोचलं नाही. एका वर्षी तिनं पोरांना शिव्या दिल्या, एका वर्षी पुलावरच्या हंसाला झापलं, आणि एका वर्षी तर कुणी काही बोललंही नव्हतं, तरी दारात येऊन ‘बघा, आणलं की नाही!’ असं ओरडली.

आता पोरी सगळ्या बर्लिनला. मादलेनाच म्हातारपणीही एकटी जात आली होती, गेल्या वर्षापर्यंत.

“मंगळवारी तुला दवाखान्यात नेणार,” वोर्शा म्हणाली. “दुसऱ्यांदा कापणार म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. त्याआधी मुकं पाणी तुझ्या अंगाला लागायलाच पाहिजे.”

“वोर्शा, त्या मंगळवारचंच मला तुझ्याशी जरा...”

“जरा नाही अन् बिरा नाही. गवत कापायच्या दिवसांत तू अंगणात नाचत असशील. नीज आता.”

असं म्हणून तिनं दिवा घालवला. मादलेना अंधारात काहीतरी म्हणाली, पण तोवर वोर्शा जिन्यात पोचून सुनेला बटाटे कसे सोलावेत ते सांगत होती.

अडचण होती ती झऱ्याची. अल्डरच्या झाडांमागचा जुना ओढा, जिथून आईनं आणि आजीनं पाणी आणलं, तो कोळशाच्या खाणींनी खालचं पाणी उपसून उपसून गेल्या उन्हाळ्यात पुरता मारून टाकला होता. पात्रात उरला होता गंजाच्या रंगाचा गाळ. वाहतं पाणी आता एकाच ठिकाणी होतं, गढीत.

गावामागच्या कुरणात ही गढी. ओकचे ओंडके आणि माती रचून हजार वर्षांपूर्वी वेंड लोकांनी, म्हणजे वोर्शाच्याच खापरखापरपणज्यांनी, गोल तट घातला होता. तो कधीच मातीला मिळाला, नुसता उंचवटा राहिला, आणि त्यावर वोर्शाच्या सासऱ्याच्या गायी चरायच्या. मग खोदणारे आले, त्यांनी गाडगी-मडकी काढली, आतली ओकच्या फळ्यांची विहीर काढली, आणि शेवटी होता तसा तट पुन्हा उभारून त्याच्या पोटातच संग्रहालय केलं. विहीर मोकळी झाल्यावर तिच्या तळाचा खोलवरचा झरा जागा झाला. आता पाणी काठावरून ओसंडून लाकडी पन्हळीनं उगवतीकडे वाहत होतं.

मादलेनाला ते संग्रहालय बघायची फार हौस. वोर्शानं तिथं पाऊल टाकलं नव्हतं. “आपल्याच माणसांची फुटकी गाडगी बघायला तिकीट काढू?” असं ती म्हणायची, की विषय संपला. पण दर ईस्टरला तिथं शहरातून हौशी जर्मन लोक जुन्या वेंडांचा वेष करून तंबू ठोकायचे, सूर्योदय बघायचे, आणि त्यांच्यासाठी फाटक पहाटेच उघडायचं. एवढं वोर्शाला ठाऊक होतं.

अंधारातच ती उठली. घेरदार घागरा, त्यावर धुवट एप्रन, डोक्याला कडक खळ घातलेला मोठा रुमाल. हा वेष ती रोजच घालायची, गावात आता तिच्याशिवाय आणि मादलेनाशिवाय कुणी घालत नव्हतं. आईचा तपकिरी मातीचा घडा घेतला, तोंडाला फडकं बांधलं. मुलाला, सुनेला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे बोलणं आलं, आणि बोलायला लागल्यावर आपण कुठं थांबतो हे तिचं तिलाही माहीत होतं. उंबरा ओलांडताना तिनं ओठ असे मिटले की दाढा दुखल्या.

फाटकाशी तिकिटाच्या खिडकीत दिवा होता, आणि दिव्याखाली पवलिना. ही नवऱ्याची चुलत बहीण, म्हणजे नात्यानं नणंद, आणि वागण्यानंही नणंदच. पवलिनानं घडा बघितला, फडकं बघितलं, मिटलेले ओठ बघितले, आणि तिच्या चेहऱ्यावर अशी खुशी पसरली की जणू ईस्टर तिच्या एकटीसाठीच उजाडला.

“अगं बाई! वहिनी! मुकं पाणी?”

वोर्शा पुढं चालू लागली.

“अहो थांबा की. तिकीट?”

वोर्शानं फक्त बघितलं. त्या नजरेनं गावातले कुत्रे अंगण बदलायचे.

“बरं, तिकीट राहू द्या. पण तोंडानं एकदा ‘पवलिना, जाऊ दे’ म्हणा, लगेच सोडते.” पवलिना खिडकीतून अर्धी बाहेर आली. “काय हो वहिनी, काल तुमच्याकडचा केक आला. जरा कोरडा होता, नाही का? मी म्हटलं सूनबाईनं केला असेल, तर लोक म्हणाले, छे, म्हातारीनंच मळलाय, हात गेला आता तिचा.”

वोर्शाच्या रुमालाखाली कान तापले. केक कोरडा! जिनं आपल्या लेकीच्या लग्नात बाजारातून आणलेला केक वाढला, ती आपल्याला कोरडेपणा शिकवणार! वाक्य तयार होतं, दातांपर्यंत आलं होतं. वोर्शानं रुमालाचं टोक ओढून तोंडात कोंबलं आणि खांद्यानं दार ढकललं.

“जा, जा,” मागून हसणं आलं. “परत याच वाटेनं यायचंय!”

तटाच्या पोटातला लांब दालनाचा रस्ता अंधारा होता. तिनं पाऊल टाकताच दिवे आपोआप लागले आणि भिंतीतून एक जाडा पुरुषी आवाज म्हणाला, “थांब, पाहुण्या! मी कोण, ओळखलंस का?”

‘तुझ्या बापाला विचार मेल्या’ हे उत्तर रुमालाच्या बोळ्यानं वाचवलं. भिंतीत माणूस नव्हता, बोलणारा डबा होता. तो पुढं काही बाही सांगत राहिला, पण त्याला उत्तराची गरज नव्हती. वोर्शाला तो स्वभाव ओळखीचा वाटला. आपणही असेच, विचारतो आणि स्वतःच पुढं बोलत सुटतो, असं काहीसं मनात आलं, पण ते तिनं लगेच हाकलून दिलं.

काचांमागं मडकी होती, नागमोडी रेघांची. सूत कातायच्या चात्या होत्या, लोखंडी सुऱ्या होत्या. मेणाची एक बाई जात्याशी एकटीच बसवली होती, आणि वोर्शाला तिची दया आली. दळताना समोर बोलायला कुणी नको? पुढच्या काचेत शिंगाची एक फणी होती. मधले तीन-चार दात तुटलेले. वोर्शा थबकली.

लहानपणी अशीच एक फणी दोघी बहिणींत होती. मादलेना तिची वेणी घालायची आणि वोर्शा तेवढा वेळ काही बोलत असायची. मान सारखी हलायची, आणि दात तुटायचे. मादलेना हे बघून काय म्हणाली असती? वोर्शानं आठवून बघितलं, पण मादलेनाचा आवाज काही येईना. येणार कसा? असल्या वेळी नेहमी आपणच आधी बोललो. आता गप्प उभं राहिल्यावर बहिणीच्या तोंडचं एक वाक्य आठवत नव्हतं, याचं तिला नवल वाटलं आणि थोडं वाईटही.

बाहेर वर्तुळाकार अंगणात तंबू होते, धुरकट शेकोट्या होत्या आणि जाडाभरड्या कापडाचे अंगरखे घातलेले लोक हातात कॉफीचे पेले धरून जांभया देत होते. त्यांच्या मधोमध दाढीवाला, पोट सुटलेला एक गृहस्थ कमरेला तलवार लावून भाषण करत होता.

“...इथं ते राहिले, इथं लढले, आणि मग गेले! धुरासारखे विरून गेले! आज या भूमीवर त्यांचा एकही वंशज उरलेला नाही!”

त्याच क्षणी त्याच्या समोरून, घागरा आवरत, घडा कमरेवर घेऊन वोर्शा चालली होती.

दुब्राव्यात घरोघरी अजून त्याच वेंडांची भाषा बोलत होते. चर्चमधली गाणी कुठल्या भाषेत म्हणतात रे मुडद्या? माझ्या आईनं मला कुठल्या भाषेत मारलं? शंभर वाक्यं एकदम उठली आणि दारात माणसांची चेंगराचेंगरी व्हावी तशी रुमालाच्या बोळ्याशी अडकली. चेहरा बिटासारखा लाल झाला.

“अरे वा!” दाढीवाल्याचं लक्ष गेलं. “वेष झकास आहे बाई! पण काळ चुकला तुमचा. असले घागरे फार नंतरचे.”

सगळे हसले. वोर्शानं घड्याकडे बोट केलं, पन्हळीकडे केलं, मग ओठांवर ठेवलं. दाढीवाल्यानं तिच्याकडे नीट बघितलं. लाल चेहरा, तोंडात रुमालाचा बोळा, डोळ्यांत पाणी. त्याचं हसू मावळलं.

“तुम्हाला... बोलता येत नाही का, आजी?”

वोर्शानं मान हलवली नाही, डोलावलीही नाही.

“सरका रे!” तो वळून हळू आवाजात म्हणाला, पण ऐकू सगळ्यांना गेलं. “मुकी आहे बिचारी. जागा करा.”

दुब्राव्यात हे ऐकायला कुणी नव्हतं, ही देवाचीच कृपा. पण त्या अनोळखी लोकांनी खरोखर वाट करून दिली. एका बाईनं तिच्या पायाखालचा दोर उचलला. दाढीवाल्यानं स्वतःच्या छातीवर हात मारून, प्रत्येक अक्षर लांबवत, ओरडून सांगितलं, “इन्-गोल्फ!” मुक्या माणसाला ऐकूही येत नाही असं त्याला वाटत असावं.

पन्हळ फार खाली होती. गुडघे वाकेनात. इन्गोल्फनं हात पुढं केला, पण घडा दुसऱ्याच्या हाती द्यायचा नसतो. तिनं तो छातीशी घट्ट धरला. मग तो मागं गेला, तिच्या एप्रनच्या नाड्या दोन्ही मुठींत धरल्या आणि म्हणाला, “वाका. मी सोडत नाही.” आणि वोर्शा, जिनं सख्ख्या मुलालाही कधी जिना चढताना हात धरू दिला नव्हता, ती एका परक्या माणसाच्या भरवशावर पाण्यावर झुकली. घडा प्रवाहाच्या दिशेनं धरला. पाणी आत शिरताना गुडगुड आवाज झाला. तटाच्या वरची कड नुकती पांढरी होत होती.

“मी बस चालवतो,” इन्गोल्फ मागून म्हणाला. आता तो ओरडत नव्हता, आपल्याशीच बोलत होता. “बायको म्हणते, पन्नाशीला आलास आणि तलवार घेऊन हिंडतोस. लेक मैत्रिणींना घरी आणत नाही. पण इथं आलो ना, की वाटतं, आपलं कुणीतरी इथं होतं. का वाटतं कुणास ठाऊक. तुम्ही तरी हसला नाहीत.”

वोर्शा हसली असती. चांगली पोट धरून हसली असती, आणि वर ‘तलवार नीट लाव, बसताना टोचेल’ असंही म्हणाली असती. पण बोलता येत नव्हतं, म्हणून नुसतं ऐकलं. ऐकल्यावर हसू आलं नाही. ती सरळ झाली, तो समोर आला तशी तिनं तटाकडे बोट केलं, विहिरीकडे केलं आणि मग आपल्या छातीवर जोरजोरात ठोकलं.

“हो, हो,” इन्गोल्फ मान डोलावत म्हणाला. “फार सुंदर आहे.”

वोर्शानं डोळे आकाशाकडे फिरवले. त्यानं शेकोटीवरची गरम, खालून करपलेली भाकर मोडून तिच्या एप्रनच्या खिशात घातली आणि दालनातून थेट फाटकापर्यंत तिला सोडायला आला. भिंतीतल्या डब्यानं पुन्हा तोच प्रश्न विचारला. दोघांनीही उत्तर दिलं नाही.

“बाई,” इन्गोल्फ खिडकीशी वाकून पवलिनाला म्हणाला, “या मुक्या आजींना जरा सांभाळून रस्त्याला लावा.”

पवलिनानं त्याच्याकडे बघितलं. वोर्शाकडे बघितलं. मग ती खिडकीतून दिसेनाशी झाली, कारण खुर्चीवरून खाली बसली होती. आतून कोंबडी अडकल्यासारखे आवाज आले. “मुकी!” असं मधूनच ऐकू येई. “वहिनी... मुकी!” बऱ्याच वेळानं ती डोळे पुसत बाहेर आली, फाटकाची जड कडी स्वतः काढली, आणि हसू ओसरल्यावर वोर्शाच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, “मादलेनाताईंसाठी ना? जा. जपून जा. मी नाही काही बोलत आता.”

वोर्शानं तिच्या दंडाला हात लावला आणि निघाली. मागून इन्गोल्फनं ईस्टरच्या शुभेच्छा दिल्या. तिनं वळून बघितलं नाही, बघायचं नसतं.

घराच्या अंगणात मुलगा मेतो झोपायच्या कपड्यांत उभा होता, कानाला फोन. सून लिन्का टॉर्च घेऊन गोठ्याकडून धावत आली.

“आई! कुठं गेली होतीस? विहिरीत बघितलं, गोठ्यात बघितलं! पाय घसरला असता म्हणजे? आता तुझ्यामागंही माणूस ठेवायचा का?”

वोर्शा त्याच्यासमोरून गेली.

“आई?” मेतोचा आवाज बदलला. “लिन्का, ही बोलत नाहीये.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही! मी ओरडलो तरी नाही! लकवा झालाय, बघ तिचं तोंड कसं झालंय! डॉक्टरला लाव फोन!”

“मेतो!” आतून मादलेनाचा बारीक पण ठणठणीत आवाज आला. “फोन ठेव खाली. काही झालं नाही तिला. आत येऊ दे.”

मादलेना उशांना टेकून बसली होती. वोर्शानं घडा तिच्या मांडीवरच्या पांघरुणावर ठेवला आणि हात धरून ठेवले, कलंडू नये म्हणून. मादलेनानं फडकं सोडलं. पाणी स्वच्छ होतं, तळाशी ओकचं एक लहान पान.

“बोललीस?”

वोर्शानं मान हलवली.

“फाटकात पवलिना असेल. तिच्याशीही नाही?”

पुन्हा मान हलवली, आणि नाकपुड्या फुगवल्या. मादलेनानं तिच्याकडे खूप वेळ बघितलं. मग बोटं पाण्याजवळ नेली, आणि थांबवली.

“लावलं की संपलं,” ती म्हणाली. “मग तू बोलायला लागणार. त्याआधी मी बोलते.”

वोर्शानं भुवया उंचावल्या.

“मंगळवारी मला जायचं नाही.”

वोर्शाचं तोंड उघडलं. मादलेनानं एक बोट वर केलं, घड्याकडे दाखवलं. तोंड मिटलं.

“डॉक्टरनं मला एकटीला सांगितलंय, कापलं तरी चालेन असं नाही, आणि उठेन असंही नाही. तू तेव्हा बाहेर नर्सला शिकवत होतीस. मी कितीदा सांगायला घेतलं, वोर्शा. तू म्हणतेस, गवत कापायला नाचशील. मी नाचणार नाही. मला दुखतं, आणि मी दमलेय. तिथं सगळे जर्मन बोलणारे, त्या खाटेवर मी ‘पाणी’ म्हटलं तर कुणाला कळणार नाही कुठल्या भाषेत मागतेय. इथं खिडकीतून करकोच्यांचं घरटं दिसतं. परवा नर आलाय, मादी अजून यायचीय. मला ती येताना बघायचीय. मग जे व्हायचं ते होऊ दे. दवाखान्याची भीती वाटत नाही मला. तुझी वाटते. तुला दुखवायची.”

दारात मेतो फोन खाली धरून उभा. वोर्शानं घडा आणखी घट्ट धरला. एक शब्द, ‘खुळी आहेस’ एवढा एकच शब्द, आणि पाणी वाया गेलं असतं, ही सगळी गोष्ट पुन्हा नेहमीसारखी झाली असती. वाक्यं येत होती. एकेक येऊन दातांना धडकून परत जात होतं. हळूहळू ती येईनाशी झाली. मग नुसती मादलेना दिसायला लागली. केवढीशी झाली होती. मनगटं चातीच्या दांड्याएवढी. हे कधी झालं?

तिनं एकदाच, फार सावकाश, मान डोलावली.

मादलेनानं ओंजळ भरली, चेहऱ्यावर पाणी घेतलं, मग मानेवर, मग पांघरूण सारून खुब्यावर. गार पाण्यानं तिला शहारा आला आणि ती हसली. उरलेले थेंब तिनं वोर्शाच्या कपाळावर उडवले.

“झालं,” ती म्हणाली. “बोल आता.”

सगळे वाट बघत राहिले. वोर्शानं रुमालाच्या चुरगळलेल्या टोकानं आधी बहिणीची हनुवटी पुसली, मग स्वतःचे डोळे.

“मेतो,” ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. “मंगळवारची गाडी नको म्हणून कळव. कारण विचारलं तर मला फोन दे, तुला सांगता यायचं नाही. आणि ही खाट अशी वळव, खिडकीसमोर. अशी नाही रे! डोकं इकडे!”

खाट वळली. करकोचा घरट्यात एका पायावर उभा होता. वोर्शानं खिशातून करपलेली भाकर काढली, मोडून अर्धी मादलेनाला दिली.

“ही कुणी दिली?”

“सांगते. गढीत एक फणी आहे काचेत, आपल्यासारखी, दात तुटलेली. ती बघून तू...” वोर्शा मध्येच थांबली. थांबायची सवय नव्हती, म्हणून ते तिला जडच गेलं. “तू काय म्हणाली असतीस, ताई?”

मादलेनानं भाकर चावत विचार केला.

“म्हणाले असते, धाकटीची मान हलली असणार.”

“मेली ती धाकटी!” वोर्शा म्हणाली. “आणि ऐक, तिथं एका दाढीवाल्यानं मला मुकी ठरवलं.”

“काय ठरवलं?”

“मुकी.”

मादलेनानं घाईघाईनं उशीचं टोक शोधलं. ते वोर्शानंच तिच्या तोंडाशी धरलं.